गोळी चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले, मग आता काय?

"तुम्हाला गोळी चालणार नाही" एवढंच सांगतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. बाई ओपीडीतून बाहेर येते ती डोक्यात दोनच पर्याय घेऊन, एक तर नवऱ्याला कंडोमसाठी तयार करायचं नाहीतर सरळ ऑपरेशन करून मोकळं व्हायचं. मधलं काही कोणी सांगितलेलंच नसतं. नात्यातल्या, ओळखीतल्या इतक्या जणींकडून हे ऐकलंय की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना उलटा प्रश्न विचारा की गोळी का नाही. संकोच करू नका, कारण पुढचा अख्खा निर्णय या एका उत्तरावर उभा आहे. गोळी न चालण्याची कारणं साधारण तीन प्रकारची असतात. एकात त्रास फक्त इस्ट्रोजेन या हार्मोनचा असतो, दुसऱ्यात कुठलंच हार्मोन नको असतं, आणि तिसऱ्यात गोळी तुम्हाला बाधत नाही पण तुमचं चालू असलेलं दुसरं औषध गोळीला निकामी करतं. या तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि इथेच बहुतेक वेळा घोळ होतो, म्हणजे जिला फक्त इस्ट्रोजेन नको होतं ती आयुष्यभर "मला हार्मोनच चालत नाहीत" असं धरून बसते, आणि जिला खरोखर एकही हार्मोन चालत नाही ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेऊन येते.

आपण ज्याला सर्रास गोळी म्हणतो, मग ती सरकारी दवाखान्यातली माला-एन असो नाहीतर मेडिकलमधून आणलेली २१ गोळ्यांची स्ट्रिप असो, त्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. (माला-एनच्या २८ मधल्या शेवटच्या ७ गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात.) गर्भ राहू न देण्याचं मुख्य काम प्रोजेस्टिन करतं, ते बीजांड बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव इतका घट्ट करतं की शुक्रजंतू आत जाऊ शकत नाहीत. इस्ट्रोजेन त्याला मदत करतं आणि महिन्याची पाळी वेळेवर, नेमाने येईल असं बघतं. पण हेच इस्ट्रोजेन लिव्हरमध्ये जाऊन रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त तयार करायला लावतं, त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी होण्याची, ती सुटून फुप्फुसात अडकण्याची, किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येण्याची शक्यता वाढते. काहींचं बीपीही वाढतं.

हे वाचून कोणी उद्यापासून गोळी बंद करू नका, प्लीज. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल या जुन्या प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना, काही नव्या प्रकारच्या गोळ्यांत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहूनही जास्त असतो. म्हणजे निरोगी बाईसाठी गोळी चांगलीच आहे, प्रश्न येतो तो जिच्या अंगात आधीपासूनच गुठळीचा किंवा झटक्याचा धोका वाढलेला आहे तिचा.

अशा कोण? आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, पॅरालिसिसचा किंवा हार्टचा झटका येऊन गेलेली, हृदयाची झडप बिघडून त्यात गुंतागुंत झालेली, बीपी जास्त असलेली, वय ३५ च्या पुढे आणि सिगरेट ओढणारी, खूप वर्षांच्या डायबेटिसमुळे डोळे-किडनीवर परिणाम झालेली, लिव्हरचा मोठा आजार असलेली, मोठ्या ऑपरेशननंतर बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली, आणि नुकती बाळंत झालेली. यातली शेवटची सोडली तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी केसपेपरवर लिहिलेल्या असतात. जी लिहिलेली नसते आणि कोणी विचारतही नाही ती म्हणजे अर्धशिशी, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

नुसतं अर्धं डोकं दुखणं, उलटी होणं, उजेड सहन न होणं हे झालं साध्या अर्धशिशीचं, तिथे ३५ च्या आतल्या बाईला डॉक्टर तपासून गोळी देऊ शकतात. पण काही जणींना डोकं दुखायला लागायच्या आधी वेगळंच काहीतरी होतं. मोबाईल वाचताना मधलीच दोन अक्षरं दिसेनाशी होतात, मग त्या जागी एक चमचमणारी नागमोडी रेघ उमटते, ती लुकलुकत हळूहळू नजरेच्या कडेला सरकत मोठी होत जाते, डोळे मिटले तरी दिसत राहते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी जशी आली तशी निघून जाते. कधी बोटांत मुंग्या येऊन त्या हातावरून गालापर्यंत चढतात, कधी बोलताना शब्दच सुचत नाही. त्यानंतर डोकं. डॉक्टर याला ऑरा म्हणतात. बायका मात्र याला "अॅसिडिटीने डोळ्यासमोर अंधारी येते" म्हणून सोडून देतात. ऑरा असलेल्या बाईला वय कितीही असो, इस्ट्रोजेनची गोळी नको, कारण अशा अर्धशिशीत मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. तेव्हा डॉक्टर विचारोत न विचारोत, हे आपणहून सांगा. आणि गोळी सुरू केल्यावर असं पहिल्यांदाच व्हायला लागलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जागतिक आरोग्य संघटनेची याबाबत एक मोठी यादी आहे, प्रत्येक आजार आणि प्रत्येक गर्भनिरोधक यांची जोडी लावून १ ते ४ असे आकडे दिलेले. १ म्हणजे बिनधास्त वापरा, २ म्हणजे फायदा जास्त, साधारणपणे चालेल, ३ म्हणजे दुसरं काही मिळत असेल तर हे नको, आणि ४ म्हणजे अजिबात नाही. भारतासाठी याच यादीवरून फिरवायची एक गोल चकतीही केलेली आहे. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की माझ्या आजारात तांबीला कितवा नंबर, इंजेक्शनला कितवा. याने गप्पा एकदम मुद्द्यावर येतात, हा माझा अनुभव.

आता छुप्या इस्ट्रोजेनबद्दल. चेहऱ्यावरच्या पिंपल्ससाठी, पीसीओएससाठी, पाळी नियमित व्हावी म्हणून ज्या "हार्मोनच्या गोळ्या" देतात त्यातल्या बऱ्याचशा याच गटातल्या असतात, त्यातही इस्ट्रोजेन असतंच. तुम्ही गर्भनिरोधक म्हणून घेत नसलात तरी शरीराला त्याने काही फरक पडत नाही. आणि दुसरी, गणपती-गौरी, घरातलं लग्न, तीर्थयात्रा यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी. ती नॉरएथिस्टेरॉनची असते, दिवसातून दोन-तीनदा घ्यायची, आणि त्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ज्या बाईला पूर्वी गुठळी झालेली आहे तिने ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेऊ नये, आणि कोणीच ती गर्भनिरोधक समजू नये. गणपतीत घरात बाई ठीक असली पाहिजे की पाळीची तारीख पाळली गेली पाहिजे, याचा विचार घरातल्या मोठ्यांनीही करावा असं मला मनापासून वाटतं.

मग भरवशाचं काय? भरवसा कसा मोजतात ते आधी बघू. १०० जोडप्यांनी एखादी पद्धत वर्षभर वापरली, जशी खऱ्या आयुष्यात वापरतात तशी, विसरत-चुकत, तर किती जणींना दिवस जातात? गोळीला साधारण ७ जणींना, पुरुषांच्या कंडोमला १३, बाहेर काढण्याच्या पद्धतीला २०, तीन महिन्यांच्या इंजेक्शनला ४, आणि तांबी, हार्मोनवाली कॉईल, दंडातलं इम्प्लांट, बायकांचं किंवा पुरुषांचं ऑपरेशन या सगळ्यांना १ पेक्षाही कमी. हे आकडे अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत पण क्रम सगळीकडे असाच लागतो, ज्यात रोज लक्षात ठेवायचं काही नाही ते सगळ्यात वर. म्हणजे गोळी बंद झाली म्हणून तुमच्या वाट्याला काहीतरी कमी दर्जाचं येतंय असं अजिबात नाही, उलट गोळीहून पक्कं हाताशी आहे.

त्यातली तांबी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात हार्मोन नाहीच. गुठळी, बीपी, अर्धशिशी, स्तनाचा कॅन्सर, टीबीची औषधं, फिटची औषधं, या सगळ्यात तांबीला १ नंबर. प्लॅस्टिकच्या छोट्या इंग्रजी टी आकाराच्या काडीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्या तांब्यामुळे शुक्रजंतू बीजांडापर्यंत पोचून फळ धरतच नाही. ती राहिलेला गर्भ पाडते असा जो समज आहे तो चुकीचा. सरकारी दवाखान्यात दोन प्रकार फुकट मिळतात, ३८० ए, जी १० वर्षं चालते, आणि ३७५, जी ५ वर्षं चालते. बसवताना भूल लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आतून तपासतात, गर्भाशयाची खोली मोजतात, तेव्हा ओटीपोटात एक जोरात कळ येते, मग काडी आत उघडते आणि खाली फक्त दोन बारीक दोरे राहतात. ती पोटात फिरत नाही, छातीपर्यंत चढत नाही, संबंधाच्या वेळी नवऱ्याला टोचत नाही, दोरा लागत असेल तर डॉक्टर कापून छोटा करतात. मूल हवं झालं की काढायची, लगेच पुढच्या महिन्यापासून दिवस राहू शकतात. आणि हो, एकही मूल झालेलं नसलं तरी तांबी बसवता येते, "पहिलं होऊ दे मग बघू" हे कारण आता जुनं झालं.

तिचा खरा त्रास एकच, पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जातं आणि पोट जास्त दुखतं. पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घेतली तर दोन्ही कमी होतं, बऱ्याच जणींचं पुढे आपोआप बसतं. पण आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, तेव्हा आधी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय तांबी बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, बसवायची नाहीच असं नव्हे, पण लोहाच्या गोळ्या सोबत सुरू करून. ओटीपोटात इन्फेक्शन चालू असेल, मधूनच अंगावरून जातंय आणि कारण कळलेलं नाही, किंवा गाठींमुळे गर्भाशयाचा आकारच बदललेला असेल तर मात्र आधी त्याचा तपास.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते. लातूरकडची, वय ३६, दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढलं ते नंतर उतरलंच नाही, १५०/९६ च्या आसपास राहायचं. गोळी बंद करायला सांगितली. घरी सासूबाई म्हणाल्या, आता दोन झाली, ऑपरेशन करून टाक. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, धाकटा दीड वर्षाचा आहे गं, आत्ता मला कापाकापी नको, पुढचं पुढे बघू." आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो आणि का नाही ते विचारलं, तर कारण फक्त इस्ट्रोजेन. तांबी एकदम योग्य होती, पण तिची पाळी आधीच जड, हिमोग्लोबिन ९, आणि खाजगीतली हार्मोनवाली कॉईल खिशाला झेपणारी नव्हती. शेवटी डॉक्टरांनी तिच्यासमोर सगळं मांडलं आणि तिने स्वतः तीन महिन्यांचं इंजेक्शन निवडलं, दर वेळी बीपी बघायचं या अटीवर. तेच बीपी १६०/१०० च्या वर असतं तर इंजेक्शनला ३ नंबर आहे, मग ते नको म्हणाले असते. एकाच आजारात थोड्या आकड्यांनी उत्तर असं बदलतं, म्हणून शेजारणीला काय चाललं यावरून ठरवू नका.

हे इंजेक्शन म्हणजे सरकारी दवाखान्यातलं अंतरा. त्यात फक्त प्रोजेस्टिन, इस्ट्रोजेन नाही. दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत घ्यायचं, आणि घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जाऊन पुरतं टिकत नाही. ही गोष्ट सिस्टर सांगतात पण घरी आल्यावर दुखतंय म्हणून कोणीतरी गरम पाण्याची पिशवी आणून देतंच. कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते, चुकली तरी ४ आठवड्यांच्या आत गेलात तर चालतं, पण तेवढं ताणू नका.

अंतरावर सुरुवातीला पाळी कशीही येते, मधेच डाग, मधेच पंधरा दिवस थोडं थोडं, आणि वर्षभराने निम्म्या बायकांची पाळी थांबते. बहुतेक जणी इथेच घाबरून सोडतात. घाण रक्त आत साचतं, ते डोक्यात चढतं, असं घरचे सांगतात. साचत काहीच नाही. महिन्याला गर्भाशयाच्या आत जे अस्तर तयार होतं आणि गळून पडतं ते या औषधाने तयारच होत नाही, मग पडणार काय? उलट अॅनिमिया असलेल्या बाईला हा फायदाच आहे, विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांच्यासाठीही इंजेक्शनला १ नंबर आहे. वाईट बाजू दोन, एक म्हणजे वापर चालू असताना हाडं थोडी विरळ होतात, बंद केल्यावर भरून येतात, आणि दुसरी म्हणजे सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने. सहा महिन्यांत मूल हवं असं ठरवलेल्या बाईने हे घेऊ नये.

प्रोजेस्टिनचेच बाकी प्रकार म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायची एक काडी, ती ३ वर्षं चालते, सरकारकडून अजून काही राज्यांत निवडक ठिकाणीच मिळते. मग हार्मोनवाली कॉईल, दिसायला तांबीसारखीच पण तांब्याऐवजी औषध, ते गर्भाशयातच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं. ज्यांना खूप अंगावरून जातं त्यांच्यासाठी ही फार गुणाची, पाळी अगदी कमी होते, पण खाजगीत काही हजार रुपये लागतात. आणि फक्त प्रोजेस्टिनची रोजची गोळी, डेसोजेस्ट्रेलची. होय, गोळी चालत नाही म्हटलेल्या बाईलाही ही गोळी बहुतेक वेळा चालू शकते! मात्र रोज ठराविक वेळेला, १२ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर सात दिवस कंडोम वापरायचा. ऑरा, जुनी गुठळी, बीपी या सगळ्यात हे प्रकार साधारण २ नंबरात येतात, म्हणजे डॉक्टरांच्या नजरेखाली चालतात.

छाया ही आठवड्याची गोळी आपल्या देशातली गोष्ट, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, बाजारात सहेली नावाने पूर्वीपासून आहे. ऑर्मेलॉक्सिफेन हे त्यातलं औषध, ना इस्ट्रोजेन ना प्रोजेस्टिन. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली रविवारी घेतली तर दर रविवारी आणि बुधवारी, तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. आशाताईंकडेही मिळते. पाळी लांबते, महिना-सव्वा महिना होतो, त्याला घाबरायचं नाही, पण तारखेच्या वर १५ दिवस गेले तर लघवीची टेस्ट करायची. पीसीओएस, नुकती झालेली कावीळ, लिव्हर-किडनीचा आजार, टीबी असेल तर ही नको. आणि हे औषध टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या, गुठळीचा धोका वाढवणाऱ्या औषधाच्या गटातलं असल्याने आधी गुठळी झालेली असेल तर "यात हार्मोन नाही" एवढ्यावर विसंबून स्वतःहून सुरू करू नका.

आता तिसरं कारण, औषधांचं भांडण. याबद्दल कोणीच बोलत नाही आणि आपल्याकडे तर याची सगळ्यात जास्त गरज आहे. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं, ज्याने लघवी केशरी होते ते. ते लिव्हरला इतकं कामाला लावतं की गोळीतली हार्मोन काम करायच्या आत शरीराबाहेर टाकली जातात. बाई रोज न चुकता गोळी घेते आणि तरी दिवस जातात, मग दोष तिलाच. सहा महिन्यांचा कोर्स, वर तो संपल्यावर आणखी चार आठवडे हा परिणाम राहतो. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांचंही तसंच. त्यात नुसत्या प्रोजेस्टिनची रोजची गोळीही मार खाते, दंडातली काडीसुद्धा थोडी कमी पडते. पक्कं राहतं ते अंतरा, तांबी आणि हार्मोनवाली कॉईल. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, तिथे गोळीच औषधाला कमी करते आणि थांबलेल्या फिट परत येऊ शकतात. आणि व्हॅल्प्रोएट, त्याचं गोळीशी भांडण नाही पण त्या औषधावर गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा धोका मोठा आहे, तेव्हा ते चालू असलेल्या प्रत्येक तरुण मुलीला, लग्न झालेलं असो नसो, भरवशाच्या गर्भनिरोधकाबद्दल सांगितलंच पाहिजे. औषध मात्र मनाने बंद करायचं नाही.

कुठलंच हार्मोन नको अशा मोजक्याच. स्तनाचा कॅन्सर असलेली किंवा होऊन गेलेली बाई, आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असून रक्तात गुठळ्या वाढवणारी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडलेली बाई. तिथे तांबी, कंडोम, ऑपरेशन.

बाळंतिणीचं वेगळं. अंगावर पाजणारीला पहिले सहा आठवडे दोन हार्मोनवाली गोळी अजिबात नको आणि सहा महिन्यांपर्यंत सहसा नको. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तिथेच बसवता येते, सिझेरियन झालं तर त्याच वेळी आतून, नाहीतर मग चार आठवडे थांबायचं. अंतरा सहा आठवड्यांनंतर. नुसत्या पाजण्यावर सहा महिने संरक्षण मिळतं हे खरं आहे पण तिन्ही अटी लागतात, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवस-रात्र फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी परत आलेली नाही. एक अट मोडली की संपलं.

नवऱ्यांविषयी. कंडोम गुप्तरोगांपासून वाचवणारी एकमेव पद्धत आहे, ती बाकी कशाहीसोबत वापरावी. पण ज्या घरात बाईला बीपी आहे, गुठळी होऊन गेली आहे, हृदयाची झडप खराब आहे आणि मुलं पुरेशी झाली आहेत, तिथेसुद्धा भूल देऊन पोट उघडायचं ते तिचंच, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी वीसेक मिनिटांत होते, फक्त जागेवर भूल, त्याच दिवशी घरी. ताकद कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही, हार्मोन जिथल्या तिथे राहतात, फक्त वीर्यात शुक्रजंतू नसतात. तेही लगेच नाही, तीन महिने लागतात, तोपर्यंत कंडोम, आणि मग वीर्य तपासून खात्री. बाईला आजार असेल तर सगळ्यात आधी हा पर्याय टेबलावर यायला हवा, तिचं ऑपरेशन शेवटी.

पद्धत बदलताना मध्ये फट ठेवू नका, नवीन सुरू होईपर्यंत कंडोम. आणि कधी चुकलंच तर ७२ तासांच्या आत घ्यायची इमर्जन्सी गोळी फक्त लेव्होनॉर्जेस्ट्रेलची असते, त्यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून वर सांगितलेल्या बहुतेक बायकांना ती एखाद्या वेळी चालते, जितकी लवकर तितकी चांगली. टीबी-फिटच्या औषधांवर मात्र नेहमीचा डोस अपुरा पडतो. त्याहून पक्कं म्हणजे ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं, तिने ती वेळही निभते आणि पुढची दहा वर्षंही.

इतकं करूनही दिवस गेलेच तर घरगुती उपाय, मेडिकलवाल्याकडची गर्भपाताच्या गोळ्यांची किट, असलं काही करू नका, विशेषतः बीपी, हृदय, गुठळी यांतलं काही असेल तर. गर्भनिरोधक फसलं हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य असलेलं कारण आहे, आणि २०२१ च्या बदलानंतर ते लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. तांबी बसवलेली असताना दिवस राहिले तर गर्भ नळीत नाही ना हे आधी सोनोग्राफीत बघून घ्या. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही लागते, नवऱ्याची किंवा सासरच्यांची लागत नाही.